घणाघातचा बाप

लालबागच्या एका छापखान्यात आनंदा परबांनी चौतीस वर्षं लग्नपत्रिका जुळवल्या. कुणाचं नाव कुणाच्या वर, आत्या आधी की मावशी, कैलासवासी आजोबांना निमंत्रकांत घ्यायचं की आशीर्वादात, असल्या प्रश्नांवर अख्ख्या गिरणगावात त्यांचा शब्द शेवटचा. इतक्या लोकांच्या पत्रिका छापल्या, पण स्वतःच्या घरची एकच छापायचा योग आला आणि तीही मुलीची. परबांना दोन मुलीच.

त्या एका लग्नात, म्हणजे थोरल्या मुलीच्या, पूर्वीच्या, मुलाचे वडील रुसले. कारण काय, तर त्यांच्या मेहुण्याच्या वाटीतलं आइस्क्रीम वितळलेलं होतं. रुसून ते हॉलखालच्या पार्किंगमध्ये गेले आणि कुणाच्या तरी स्कूटरवर जाऊन बसले. आनंदा फेटा सांभाळत पाऊण तास त्या स्कूटरपुढे हात जोडून उभे. वर मंगलाष्टकं खोळंबली, भटजी घड्याळ बघू लागले. शेवटी स्कूटरचा मालक आला तेव्हा कुठे व्याही उठले. लोक हे सगळं विसरले, आनंदा नाही विसरले. त्यांना व्याह्यांचा राग नव्हता. खरं सांगायचं तर हेवा होता. माणसाने जन्माला यावं, एकदा तरी मुलाचा बाप व्हावं आणि चारचौघांत झकास रुसून बसावं, एवढीच त्यांची इच्छा. आता साठी उलटली होती, धाकटी प्राची एकतीस वर्षांची झाली होती, आणि ही इच्छा सोबतच न्यायची असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

अशात एका बुधवारी प्राची परळच्या लॅबमधून, जिथे ती दिवसभर लोकांचं रक्त तपासायची, घोडपदेवला घरी आली. चपला काढता काढता म्हणाली, "बाबा, रविवारी पाचच्या आत तुम्हाला एक बटण दाबायचंय. माझं लग्न आहे."

रमाबाईंच्या हातातला चिमटा खाली पडला.

"खरं नाही गं आई. गेममध्ये."

प्राची गेली चार वर्षं 'सप्तदुर्ग' नावाचा खेळ कॉम्प्युटरवर खेळायची. किल्ले, राक्षस, जादू, सगळं त्यात होतं, आणि गावोगावचे लोक आपापल्या घरी बसून एकत्र लढायचे. सहा किल्ले तिच्या टोळीने घेतले होते. सातव्याचा दरवाजा मात्र फक्त लग्न झालेलं जोडपं उघडू शकतं, म्हणून टोळीने आपल्यातल्याच दोघांचं लग्न ठरवलं. आता, हा खेळ बनवणारा कुणीतरी आपल्यातलाच असणार. कारण त्याने नियम घालून ठेवला होता की दोन्ही घराण्यांच्या वडीलधाऱ्यांनी, दोन इकडचे आणि दोन तिकडचे, आपापल्या फोनवर संमतीचं बटण दाबल्याशिवाय लग्न लागणार नाही.

"नवरा कोण?" आनंदांनी आवाज जड करून विचारलं.

"नवरा मीच." प्राचीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. कमरेपर्यंत दाढी, हातात घण, जेमतेम टेबलाएवढा उंच असा एक बुटका तिथे उभा राहून नाक खाजवत होता. "हा मी. घणाघात. नवरी स्वरूपची आहे, शिवडी कोळीवाड्यातला आहे तो. त्याची चांदणी. वनपरी."

"म्हणजे आपण मुलाकडचे?"

"हो."

"म्हणजे मी मुलाचा बाप?"

"टेक्निकली, हो."

आनंदा उठून गॅलरीत गेले, तिथे काहीच काम नव्हतं म्हणून परत आले आणि चष्मा पुसून पुन्हा एकदा त्या बुटक्याकडे बघितलं. दिसायला काही वाईट नव्हता. छाती भरदार होती.

पण परब मुरलेले गृहस्थ. बटणाचं वजन त्यांना लगेच कळलं. "हे बघ प्राची," ते म्हणाले, "पुढच्या रविवारी कल्याणचं स्थळ बघायला येतंय. तू साडी नेसून गुपचूप बसणार असशील तर मी बटण दाबतो."

आठ वर्षं प्राचीला बघायला माणसं येत होती. शेवटची दोन वर्षं ती रविवारची ड्यूटी मागून घ्यायची ती हे टाळण्यासाठीच. तिने वडिलांकडे बघितलं, घणाघातकडे बघितलं. टोळीतले चाळीस जण त्या एका दरवाज्यापाशी अडून बसले होते.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण हे शेवटचं."

गुरुवारी सकाळीच आनंदा छापखान्यात गेले. संध्याकाळी चाळीच्या तिन्ही मजल्यांवर पत्रिका पोचल्या. आमचे येथे श्री कृपेकरून आमचे एकुलते एक चिरंजीव घणाघात, वय वर्षे दोनशे चौदा, वगैरे वगैरे. खाली 'वरपिता' आणि त्याखाली स्वतःचं नाव, नवऱ्याच्या नावापेक्षा मोठ्या टायपात. चाळीतल्या कुणीही घणाघात कोण असं विचारलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या गंगुबाई तेवढ्या म्हणाल्या, "दोनशे चौदा म्हणजे उशीरच झाला हो. पण आजकालची मुलं सेटल झाल्याशिवाय ऐकत नाहीत."

"तुमका खूळ लागलाहा," रमाबाई नवऱ्याला म्हणाल्या. पण शुक्रवारी त्यांनीच हळकुंडं कुटायला काढली. नवऱ्याची उष्टी हळद नवरीला पाठवायची असते. लग्न खोटं असलं तरी हळद खरी हवी, असं त्यांचं म्हणणं. प्राचीने घणाघातला खाणीतल्या पिवळ्या मातीत लोळवला, उरलेली माती पेटीत भरून चांदणीला पाठवली, आणि आईला स्क्रीनवर दाखवली तेव्हा कुठे रमाबाईंचा जीव भांड्यात पडला.

एवढ्यावर आनंदांचं समाधान होईना. त्यांनी स्वरूपच्या वडिलांना फोन लावला. याद्या झाल्याशिवाय, म्हणजे देणंघेणं नि मानपान दोन्हीकडच्यांनी समोरासमोर बसून ठरवल्याशिवाय, आपण बटण दाबणार नाही, असं ठणकावून सांगितलं. पलीकडून लहू कोळी म्हणाले, "आमी कुठं नाय म्हनतो? येतो की."

रविवारी तीनच्या ठोक्याला ते आले. लहू, त्यांची बायको तुळसा, हातात लॅपटॉप घेतलेला स्वरूप. तुळसाबाई भायखळ्याच्या बाजारात मासळी विकायच्या. त्यांनी येताना केळीच्या पानात गुंडाळून हातभर लांबीची दोन पापलेटं आणली होती. रमाबाईंनी स्वरूपला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मुलगा नीटस होता. "तुझं झालंय का रे?" त्यांनी विचारून टाकलं. "हो काकू, मुलगी आहे दीड वर्षाची," स्वरूप म्हणाला, आणि रमाबाई पापलेटं घेऊन मोरीकडे वळल्या.

परबांच्या घरात हाताची खुर्ची एकच. ती आनंदांनी सकाळपासून पुसून, गादी घालून स्वतःसाठी ठेवली होती. व्याह्यांसाठी स्टूल. लहूंनी खोलीत एक नजर फिरवली आणि सरळ जाऊन त्या खुर्चीत बसले. आनंदांना स्टुलावर बसावं लागलं. वरपित्याची सुरुवातच ठेंगणी झाली.

ती भरून काढायला त्यांनी घसा खाकरला. "मुलीला स्वयंपाक येतो?"

स्वरूप गोंधळला. "विषावरचा काढा येतो काका. आणि अदृश्य व्हायचं सरबत."

"अदृश्य होऊन कसं चालेल? घरात चार माणसं येणार-जाणार. बरं, मुलीला जरा चालून दाखवायला सांगा."

स्वरूपने बटणं दाबली. चांदणी चालली, वळली, झाडावर चढली आणि तिथून कोलांटी मारून खाली उतरली.

"पाय सरळ आहेत," आनंदा म्हणाले. "कान जरा लांब वाटतात. आणि केस तिचेच ना?"

प्राची पोह्यांच्या बशा घेऊन येत होती, ती तिथेच थांबली. "बाबा, मुलुंडच्या बाईंनी माझे केस ओढून बघितले होते. तुम्ही समोरच बसला होतात."

"ते वेगळं," आनंदा म्हणाले. मग त्यांनी एक घास खाऊन पोह्यांत मीठ कमी असल्याचं सांगितलं. पोहे त्यांच्याच घरचे होते. प्राची उरलेल्या बशा ठेवून कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली. आनंदांना कुठेतरी टोचलं. पण चौतीस वर्षांनी हातात आलेला डाव अर्धा टाकून कोण उठतं?

"आता मानपानाचं," ते म्हणाले. "वरपित्याला शेला. वरमाईचे पाय दुधाने धुवायचे. आणि नवरदेवाला तुमच्याकडून एक घोडा."

"घोडा नाही काका, रानडुक्कर आहे," स्वरूप म्हणाला. "बुटके डुकरावर बसतात."

"डुक्कर तर डुक्कर. पण सजवलेलं."

लहू इतका वेळ ऐकून घेत होते. आता ते खुर्चीत अधिकच रेलले. "परब, तुमचा काय तरी घोटाला होतो. आमच्या घरात पोरीचा बाप ताठ बसतो. पोरावाल्यांनी याचं, हात जोडाचं, पोर मागाची. शेला तुमी मला द्याचा. आनि डुक्कर पन तुमीच द्याचा."

"मी? मी मुलाकडचा!"

"म्हनूनच."

तुळसाबाईंनी मान डोलावली. त्यांच्या घरी तसंच होतं. आनंदांनी अशा हजारो पत्रिका छापल्या होत्या, पण पत्रिकेत हे कुठे लिहिलेलं नसतं. अपमान झाला होता, आणि खरोखरचा झाला होता. त्यांच्या छातीत आनंदाची एक लाट उठली. हाच तो क्षण. ते उभे राहिले आणि गुरुवारपासून पाठ केलेलं वाक्य म्हणाले, "यानंतर माझ्याने बटण दाबवणार नाही!" मग फोन खिशात घातला, स्टूल उचललं आणि गॅलरीत जाऊन कठड्याकडे तोंड करून बसले.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. रुसणं फार सुखाचं असतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. आता येईल लहू, हात जोडेल, आपण मान फिरवायची. तो पुन्हा विनवील. आपण म्हणायचं, "राहू द्या हो, आम्ही कोण?" खालच्या मजल्यावर कुणी कांदा परतत होतं, त्याचा वाससुद्धा त्यांना समारंभाचा वाटला.

दार वाजलं. लहूच आले. आनंदांनी मान कडक केली. मागे काहीतरी घासत आणल्याचा आवाज झाला, म्हणून त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. लहूंनी ती हाताची खुर्ची बाहेर आणली होती आणि दोन हातांच्या अंतरावर, त्यांच्याकडे पाठ करून ते तिच्यात बसत होते.

"समजूत काढायला आलात ना?" आनंदांनी न राहवून विचारलं.

"छ्या. मी रुसलोय."

"तुम्हाला कसं रुसता येईल? मी आधी रुसलोय."

"हितं काय नंबर लागतो काय?"

आतून स्वरूप ओरडला, "पप्पा, पंचवीस मिनिटं!" दोघांपैकी कुणी हललं नाही.

"तीन पोरगे मला," लहू भिंतीकडे बघत म्हणाले. "तीन वेळा लोकांच्या दारात गेलो. एक व्याही तर होडीतून उतरंना. मी गुडघाभर चिखलात हुबा, हातात नारल. एकदा तरी पोरीचा बाप व्हाचं होतं, बसाचं होतं ऐटीत. या पोरानं गेममधे पोर केली तवा वाटला, चला."

आनंदांना स्कूटर आठवली. त्यांनी ती सांगितली नाही. बोलले असते तर रुसवा तिथेच संपला असता. दोघे तसेच एकमेकांकडे पाठ करून बसले, समोरासमोर बसले असते तर हसू आलं असतं म्हणून.

पाचला सहा मिनिटं असताना रमाबाई बाहेर आल्या. हाताला मासळीचा मीठमसाला तसाच. "दोघंय रुसलात ना? मग आता एकमेकांची समजूत काढा. आमका दोघींका वेळ नाही, पापलेटां तळूची आसत."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "चला हो व्याही," आनंदा पुटपुटले. "आधी तुमी," लहू म्हणाले. "असं कसं, तुम्ही मुलीकडचे." "तुमी पोराकडचे." शेवटी दोघे एकदमच दारात शिरले आणि अडकले.

आत चाळीतली पंधरा-वीस माणसं जमली होती. गंगुबाईंनी अक्षता आणल्या होत्या. चार बटणं दाबली गेली. आनंदांनी डोळे मिटून मंगलाष्टकाला सुरुवात केली. पहिल्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीला डोळे उघडून बघतात तो स्क्रीनवर फुलं पडून संपलेली आणि घणाघात चांदणीचा हात धरून किल्ल्याकडे पळत सुटलेला. एवढं चार दिवस घोकलेलं लग्न अकरा सेकंदांत लागलं. अक्षता कीबोर्डवर पडल्या.

सातवा किल्ला पडायला पाऊण तास लागला. दरवाजा उघडला तेव्हा अख्खी चाळ ओरडली, आणि तुळसाबाईंनी रमाबाईंच्या गळ्यात हात टाकला. पापलेटं खाऊन, पुन्हा भेटायचं ठरवून शिवडीकर गेले. लहू जाताना हाताची खुर्ची स्वतः जागेवर ठेवून गेले.

मग स्क्रीनवर एक पाटी आली. प्राचीने ती मोठ्याने वाचली. "चांदणीचं घर मोठं असल्यामुळे घणाघात आता तिच्या घराण्यात राहायला जाईल. वडीलधाऱ्यांनी निरोप द्यावा."

"जाईल म्हणजे? कुठे जाईल? तो मुलगा आहे!"

"घर ज्याचं मोठं तिकडे जायचं असतं बाबा. नियम आहे. तुम्ही ते हिरवं बटण दाबा, नाहीतर मिनिटभराने तो आपला आपण जाईल."

स्क्रीनवर घणाघातने आपली पेटी आवरायला घेतली. दोन घण, एक शिरस्त्राण, कसलं तरी हाड. पेटी डुकराच्या पाठीवर बांधली, आणि तो दारात उभा राहून मागे वळून बघू लागला. खेळ बनवणाऱ्याला काय अवदसा आठवली होती कोण जाणे, त्याने त्या बुटक्याला दाढीवरून डोळे पुसायला लावले होते. आनंदांचं बोट फोनवर होतं, ते खाली जाईना. थोरलीच्या पाठवणीला ते रडले नव्हते. व्याह्यांची गाडी सुखरूप लावून देण्यात ते गुंतले होते. आता मात्र त्यांना हुंदका आवरेना. दोनशे चौदा वर्षांचा मुलगा जातो म्हणून घोडपदेवच्या खोलीत एक म्हातारा ओक्साबोक्शी रडला.

"अहो बाबा," प्राची घाबरून म्हणाली, "मीच आहे ना तो. मी इथेच आहे."

आनंदांनी तिच्याकडे बघितलं. केसांत पेन्सिल खुपसून, मांडी घालून, बोटाला लागलेला मसाला चाटत ती खरंच इथेच होती. आठ वर्षं तिच्यासाठी हे हिरवं बटण आपणच शोधत फिरतोय, दारोदार, पोहे खाऊ घालत, हे त्यांच्या लक्षात आलं आणि फार वाईट वाटलं. मिनिट संपलं. घणाघात पुलावरून दिसेनासा झाला.

आनंदा तोंड धुवून गॅलरीत गेले. पाच मिनिटं फोनवर बोलले आणि परत आले तेव्हा प्राची कीबोर्डमधल्या अक्षता टाचणीने काढत होती.

"पुढच्या रविवारी किती वाजता येणार ते कल्याणचे?" तिने मान वर न करता विचारलं. "ड्यूटी बदलून घ्यावी लागेल."

"नको बदलू. त्यांना नाही म्हणून कळवलं."

टाचणी थांबली. "का?"

"मुलाकडचा माणूस आत बसून काय काय बोलतो, ते आज बघितलं मी," आनंदा म्हणाले. "स्वतःच्याच तोंडून ऐकलं."

रमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "आणि ते काय म्हणाले?"

"रुसले."

"मगे आता?"

आनंदा हाताच्या खुर्चीत नीट मागे रेलून बसले. "रुसू देत," ते म्हणाले. "समजूत काढायला मी जायचा नाही."